बोटभर अंतराचा प्रश्न : फेटलॉकजवळच्या एका लहान जखमेचे प्रकरण

नऊ वर्षांची, सुमारे ४३० किलो वजनाची एक रपेटीची घोडी संध्याकाळी कुरणातून तबेल्यात आणली जात असताना उजव्या पुढच्या पायाने किंचित लंगडत असल्याचे मोतद्दाराच्या लक्षात आले. कुंपणाची एक तार तुटून वर वळलेली सापडली आणि तिच्या टोकाला केस चिकटलेले होते. पशुवैद्य म्हणून मी पोहोचलो तेव्हा दिसलेली जखम जेमतेम दीड सेंटिमीटर लांब होती. ती फेटलॉकच्या, म्हणजे नळी संपते तिथल्या सांध्याच्या, बाहेरच्या बाजूला, मागच्या कडेजवळ होती, तिच्यातून थोडे रक्त आणि थोडा पिवळसर, बुळबुळीत द्रव येत होता, आणि भोवती म्हणण्यासारखी सूज नव्हती. दुडकी चालीत लंगडेपणा शून्य ते पाच या मापावर दोनच्या आसपास भरला. जखमेत निर्जंतुक सळई हलकेच सरकवून पाहिली, ती सेंटिमीटरभर जाऊन त्वचेखालीच थांबली. जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताची लस, पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि वेदनाशामक औषध दिले, आणि दोन दिवसांनी पट्टी बदलायला येतो असे सांगून मी परतलो.

ही माझी चूक होती. चूक औषधात नव्हती, पायाची रचना समजून घेण्यात होती. ती समजण्यासाठी त्या दीड सेंटिमीटरच्या जखमेखाली काय काय असते ते आधी पाहावे लागते.

घोड्याच्या पुढच्या पायातला ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरे तर आपल्या मनगटाच्या जागी असतो. त्याखालची सरळ नळी म्हणजे तळहातातले मधले हाड, आणि नळी संपते तो फेटलॉक म्हणजे मधल्या बोटाच्या मुळाशी असलेला सांधा. घोडा त्या एकाच बोटाच्या नखावर, म्हणजे खुरावर, उभा असतो. बोटाची तीन पेरे म्हणजे पास्टर्नचे, म्हणजे फेटलॉक आणि खूर यांच्यामधल्या भागाचे, लांब हाड, त्याखालचे आखूड हाड आणि खुराच्या आत दडलेले कॉफिन हाड. गुडघ्याच्या खाली हालचाल घडवून आणणारे मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. जी शक्ती खाली पोहोचते ती वरच्या स्नायूंकडून कंडरांमार्फत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांमार्फत, आणि म्हणूनच या भागात त्वचा, हाड आणि कंडरा यांच्यामध्ये मांसाची गादी नसते. माणसाच्या मांडीत एवढी तार शिरली असती तर ती मांसात थांबली असती. इथे ती कोणत्या ना कोणत्या महत्त्वाच्या रचनेपर्यंत पोहोचणारच.

फेटलॉकमध्ये नळीच्या खालच्या टोकाला मधोमध एक उभा कणा असतो आणि पास्टर्नच्या लांब हाडाच्या माथ्यावर त्याला बरोबर बसणारी खाच असते. त्यामुळे हा सांधा पुढे-मागे भरपूर हलतो, पण आडवा जवळजवळ हलत नाही. सांध्याच्या मागे दोन सेसमॉइड हाडे शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यांचे नाव तिळावरून आले असले तरी घोड्यात त्यांचा आकार तिळापेक्षा पुष्कळच मोठा असतो. नळीच्या मागून उतरणारा सस्पेन्सरी अस्थिबंध दोन शाखांत फुटून या दोन हाडांना बाहेरच्या कडांनी धरतो. तिथून खाली पास्टर्नच्या हाडांकडे जाणारे दुसरे बंध तोच ताण पुढे नेतात, आणि शाखांचे काही धागे तिरके पुढे वळून समोरच्या, पाय सरळ करणाऱ्या प्रसारक कंडरेला मिळतात. या सगळ्या रचनेने फेटलॉक झोळीत ठेवल्यासारखा मागून तोललेला असतो. उभ्या घोड्यात तो आधीच मागे झुकलेला असतो, आणि भरधाव पळताना भार पडला की इतका खाली दबतो की मागचे केस जमिनीला टेकतील असे वाटते.

सेसमॉइडच्या मागच्या बाजूला, दोन्ही हाडांना जोडणाऱ्या जाड, गुळगुळीत बंधामुळे एक पन्हळ तयार होते. त्या पन्हळीतून दोन आकुंचक, म्हणजे पाय वाकवणाऱ्या, कंडरा खाली जातात. मागची, त्वचेकडची, ती उथळ कंडरा, आणि तिच्या पुढे, हाडाकडची, ती खोल कंडरा. सेसमॉइडच्या किंचित वर उथळ कंडरा खोल कंडरेभोवती एक पातळ कडे घालते. पास्टर्नच्या मागे आल्यावर उथळ कंडरा दोन फांद्यांत विभागून बाजूला होते आणि खोल कंडरा एकटीच खुरात उतरून तिथल्या लहानशा नॅव्हिक्युलर हाडावरून वळत कॉफिन हाडाला चिकटते. या दोन्ही कंडरा फेटलॉकच्या भागात एका म्यानात असतात. हे म्यान सेसमॉइडच्या काही सेंटिमीटर वरून सुरू होऊन आखूड पास्टर्न हाडाच्या मध्यापर्यंत जाते, त्याला आतून सांध्यासारखेच पातळ अस्तर असते आणि त्यात सांध्यासारखाच बुळबुळीत द्रव असतो. सेसमॉइडच्या पातळीवर एक रुंद, न ताणणारा बंध त्याला मागून पट्ट्यासारखा आवळून धरतो.

म्हणजे त्या जखमेच्या जागेखाली दोन वेगवेगळे, एरवी एकमेकांशी न जोडलेले, द्रवाने भरलेले कप्पे होते : फेटलॉक सांध्याची मागची खोळ आणि कंडरांचे म्यान. जंतूंना हे दोन्ही कप्पे सारखेच प्रिय. आत एकदा जंतू रुजले की कूर्चा झिजवणारी विकरे सुटतात, तंतुमय साका जमतो, त्या साक्यात जंतू लपतात आणि रक्तातून आलेले औषध तिथवर पुरेसे पोहोचत नाही. या दोन कप्प्यांतले अंतर बोटभर. तार पुढे आणि वर गेली असेल तर सांधा, आत आणि सरळ गेली असेल तर म्यान, आणि सेसमॉइडमधल्या बंधातून आरपार गेली असेल तर दोन्ही.

पहिल्या संध्याकाळी जो पिवळसर, बुळबुळीत द्रव मी पुसून टाकला, तो बोटांच्या चिमटीत धरून ताणून पाहायला हवा होता. संधिद्रव असेल तर त्याची तार निघते, रक्ताच्या पाण्याची निघत नाही. शिवाय लंगडेपणा कमी आहे म्हणून मला मिळालेला दिलासाही फसवा होता. कप्प्याला भोक पडलेले असते तोवर आतला द्रव बाहेर वाहतो, दाब चढत नाही आणि वेदना फारशी होत नाही. साक्याने भोक बुजले की तोच कप्पा बंद गळवासारखा फुगू लागतो. त्यात मी वेदनाशामक दिले होते, म्हणजे उरलेसुरले लक्षणही झाकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मोतद्दार म्हणाला, "डॉक्टरसाहेब, परवा पाय टेकत होती, आज नुसता उचलून धरते. खाणंही टाकलंय." घोडी फक्त खुराचे टोक जमिनीला लावत होती. ताप ३८.९ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला ६०. निरोगी प्रौढ घोड्याची नाडी विश्रांतीत २८ ते ४४ च्या दरम्यान असते, तेव्हा ही वाढ तापापेक्षा वेदनेची होती.

पट्टी सोडल्यावर प्रथम सूज बघायची नाही, सुजेची जागा बघायची. फेटलॉकच्या वर, बाहेरच्या बाजूला, बोट पुढून मागे सरकवत नेले तर आधी नळीच्या हाडाची कड लागते, मग एक खळगा, मग सस्पेन्सरीच्या शाखेची टणक दोरी, मग दुसरा खळगा आणि मग आकुंचक कंडरांची जाड जुडी. पहिला खळगा, म्हणजे हाड आणि सस्पेन्सरीची शाखा यांच्यामधला, भरून आला तर सांध्याची मागची खोळ फुगली आहे. दुसरा खळगा, शाखा आणि कंडरा यांच्यामधला, भरून आला तर म्यान फुगले आहे. सस्पेन्सरीची ती शाखाच या दोन शक्यतांमधली सीमारेषा. आमच्या घोडीत दुसरा खळगा गच्च होता, बोट लावू देत नव्हती. पण पहिलाही रिकामा नव्हता, तिथेही मऊ भरीवपणा होता. खाली पास्टर्नच्या मागे, जिथे उथळ कंडरेच्या फांद्या वेगळ्या होतात तिथे, मधोमध म्यानाची आणखी एक खोळ असते. ती इतर वेळी बोटाला जाणवतही नाही, इथे ती लहान लिंबाएवढी फुगली होती. म्यानाचा रोग जवळजवळ नक्की झाला. सांध्याचे मात्र नक्की सांगता येत नव्हते. शेजारच्या कप्प्यात पू झाला की सांधा नुसत्या सहवासानेही थोडा द्रव धरतो, आणि तो खरोखर दूषित झाला असेल तरीही बाहेरून तसाच दिसतो.

इतका लंगडेपणा असताना मज्जातंतू बधिर करून जागा शोधण्याचा मोह टाळला. एखादी बारीक चीर हाडात असेल आणि बधिर पायावर घोडीने सगळा भार टाकला तर ती चीर पूर्ण भंग होऊ शकते. म्हणून आधी समोरून, बाजूने आणि दोन तिरक्या कोनांतून क्ष-किरण चित्रे घेतली. सेसमॉइड शाबूत होते, हाडात चीर नव्हती, मात्र बाजूच्या चित्रात म्यानाच्या जागी दोन-तीन काळे ठिपके दिसत होते. ती बाहेरून आत शिरलेली हवा होती. अल्ट्रासाउंडमध्ये म्यानात काळ्या द्रवाऐवजी तरंगणारे करडे कण दिसले. खोल कंडरेची बाहेरची कड एका ठिकाणी धूसर वाटत होती, पण केसाळ त्वचेतून घेतलेल्या चित्रावर मी त्याहून जास्त विश्वास ठेवला नाही.

मग नमुने. येथे क्रमाला अर्थ आहे. सांधा स्वच्छ असण्याची शक्यता जास्त, म्हणून सुई आधी तिथे, आणि तीही जखमेपासून सर्वांत दूरच्या वाटेने. सांध्याच्या मागच्या खोळीत शिरण्याच्या नेहमीच्या वाटा सुजलेल्या, कदाचित जंतूंनी भरलेल्या ऊतींतून जातात. त्या वाटेने गेलो तर स्वच्छ सांध्यात आपणच जंतू नेऊन सोडू. म्हणून फेटलॉकच्या समोरून, प्रसारक कंडरेच्या बाहेरच्या कडेने, पुढच्या खोळीत सुई घातली. आलेला द्रव पिवळट पण पारदर्शक होता आणि बोटांत त्याची तार निघत होती. त्याच सुईतून निर्जंतुक क्षारद्रावण भरले. सुमारे ३० मिलिलिटरनंतर सांधा ताठ झाला, सिरिंजचा दट्ट्या मागे ढकलू लागला, आणि जखमेवर एक थेंबही आला नाही. जखमेतून सांध्यात वाट नव्हती, किंवा निदान त्या घडीला उघडी नव्हती.

त्यानंतर नवी सुई, नवे हातमोजे, आणि पास्टर्नच्या मागच्या त्या फुगलेल्या खोळीतून म्यानाचा नमुना. सुई आत जाताच गढूळ, केशरी द्रव दाबाने वर आला आणि त्याची तार निघाली नाही, तो पाण्यासारखा टपकला. संधिद्रवाचा चिकटपणा हायलुरोनिक आम्लामुळे असतो आणि संसर्गात तेच आधी मोडते. म्यानात द्रावण भरल्यावर सुमारे ४० मिलिलिटरपर्यंत काही झाले नाही, मग जखमेच्या तोंडाशी साक्याची एक गुठळी हलली आणि तिच्या मागून गढूळ पाण्याची बारीक धार सुरू झाली. या एका धारेने पहिल्या संध्याकाळच्या सळईचा सगळा हिशोब खोटा ठरवला.

प्रयोगशाळेचे आकडे तासाभरात आले. निरोगी संधिद्रवात दर मायक्रोलिटरला पांढऱ्या पेशी हजाराच्या आत आणि प्रथिने लिटरमागे २० ग्रॅमच्या आत असतात. पेशी ३०,००० च्या वर, त्यांत बहुतांश न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), आणि प्रथिने ४० ग्रॅमच्या वर असली तर संसर्ग धरून चालतात. घोडीच्या सांध्यात १,४०० पेशी आणि २२ ग्रॅम प्रथिने होती, म्हणजे शेजाऱ्याच्या आगीची नुसती झळ. म्यानात ६१,००० पेशी, त्यांपैकी ९५ टक्के न्यूट्रोफिल, आणि ५२ ग्रॅम प्रथिने. जंतूंची वाढ पाहण्यासाठी पाठवलेल्या नमुन्यातून पुढे काहीच उगवले नाही. माझ्या पहिल्या दिवशीच्या पेनिसिलिनचा त्यात वाटा असावा. तसेही अशा नमुन्यांतून जंतू न मिळणे नेहमीचे आहे, आणि असा कोरा अहवाल आला म्हणून संसर्ग नाही असे मानणे धोक्याचे आहे.

त्याच दुपारी घोडीला पूर्ण भूल देऊन म्यानात दुर्बीण घातली. सेसमॉइडमधला बंध, म्हणजे सांधा आणि म्यान यांच्यामधली भिंत, सर्वत्र अखंड दिसली. उथळ कंडरेचे कडेही शाबूत होते. म्यानाच्या बाहेरच्या भिंतीत, पट्ट्यासारख्या बंधाच्या कडेला, चार-पाच मिलिमीटरचे भोक होते आणि त्यात साक्याबरोबर दोन केस अडकलेले होते. खोल कंडरेवर मात्र भोकासमोर काहीच नव्हते. पाय ताठ होता, आणि भोकाच्या समोरची कंडरा आरशासारखी स्वच्छ. दुर्बीण खाली सरकवल्यावर साधारण दोन सेंटिमीटर खाली कंडरेच्या बाहेरच्या कडेला एक उभा, उथळ चरा दिसला, त्यातले धागे द्रावणात शेवाळासारखे हलत होते.

असे का, हे सहकाऱ्याने फेटलॉक वाकवला तेव्हा डोळ्यांसमोर उलगडले. पाय वाकत गेला तशी कंडरा म्यानात वर सरकत गेली आणि चरा हळूहळू चढत येऊन नेमका भोकासमोर थांबला. म्हणजे तार लागली तेव्हा पाय वाकलेला होता. घोडीने बहुधा कुंपणात अडकलेला पाय वर ओढला आणि त्याच क्षणी टोक आत गेले. मग तिने पाय टेकला, फेटलॉक मागे झुकला, त्वचा एकीकडे सरकली, म्यानाची भिंत जागीच राहिली आणि कंडरा खाली ओढली गेली. एकाच तारेने एका रेषेत पाडलेली तीन भोके एकमेकांसमोरून हटली. पहिल्या संध्याकाळी मी उभ्या घोडीच्या टेकलेल्या पायात सळई घालत होतो, आणि ती त्वचेखालच्या भिंतीला टेकून थांबली, कारण भिंतीतले दार आता भलतीकडे होते. पाय उचलून, वाकवून, वेगवेगळ्या कोनांत तीच सळई घातली असती तर ती कदाचित आत घसरली असती. कदाचित नाहीही. पण क्षारद्रावण भरून पाहिले असते तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळाले असते, कारण द्रवाला भोके एका रेषेत असावी लागत नाहीत.

चऱ्यातले सुटे धागे काढले, साका ओढून काढला आणि म्यान आठ लिटर द्रावणाने धुतले. धुण्यात औषधापेक्षा पाण्याच्या प्रमाणाचे महत्त्व जास्त असते. शेवटी म्यानात अमिकासिन हे प्रतिजैविक सोडले. पुढचे तीन दिवस घोडीला उभ्या अवस्थेत गुंगी देऊन, नळीच्या वरच्या भागात आवळपट्टा बांधून, खालच्या शिरेत तेच औषध अर्धा तास कोंडून ठेवले, जेणेकरून पायात त्याचे प्रमाण शरीरभर दिलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त राहील. शिरेतून पेनिसिलिन आणि जेंटामायसिन चालूच होते. डाव्या पुढच्या खुराला पहिल्या दिवसापासून जाड, मऊ आधार बांधला, कारण एका पायावर दिवसचे दिवस सगळा भार पडला की त्या निरोगी खुरातले कॉफिन हाड भिंतीपासून सुटू लागते, आणि जखमी पाय वाचवून दुसरा पाय गमावल्याची उदाहरणे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात.

चौथ्या दिवशी म्यानाचा पुन्हा नमुना घेतला. पेशी ९,००० वर उतरल्या होत्या, प्रथिने ३८ ग्रॅम होती, आणि द्रवाची अर्ध्या इंचाची का होईना तार निघत होती. शस्त्रक्रियेनंतरही काही पेशी वाढलेल्या राहतात, त्यामुळे आकड्यापेक्षा तो उतरतो आहे का हे पाहायचे असते. पाचव्या दिवशी घोडी पूर्ण खूर टेकून उभी राहू लागली. दुसऱ्यांदा धुण्याची वेळ आली नाही.

कंडरेचा चरा हा उरलेला प्रश्न होता. म्यानातल्या कंडरेला बाहेरून रक्त पुरवणारे मऊ वेष्टन नसते, त्यामुळे तिथली जखम म्यानाबाहेरच्या कंडरेपेक्षा हळू आणि अर्धवट भरते. शिवाय म्यानाची भिंत आणि कंडरा एकमेकांना चिकटल्या तर पाऊल आखूड पडू लागते. म्हणून एकीकडे विश्रांती आणि दुसरीकडे लवकर हालचाल, अशी ओढाताण होती. दोन आठवडे फक्त तबेल्यात ठेवले, पण रोज हाताने फेटलॉक हळूहळू वाकवून सरळ करण्याचे काम मोतद्दाराने मनापासून केले. तिसऱ्या आठवड्यापासून पाच-पाच मिनिटे हाताने चालवणे सुरू झाले, मग ते दर आठवड्याला वाढवत नेले. नालबंदाला नाल थोडी मागे लांबवायला सांगितली, जेणेकरून टाच मऊ जमिनीत रुतून पाऊल मागे कलंडणार नाही आणि खोल कंडरेवर उगाच ओढ येणार नाही. तीन महिन्यांनी अल्ट्रासाउंडमध्ये चऱ्याची कड गुळगुळीत दिसली, म्यानाची भिंत मात्र थोडी जाड झाली होती.

सहा महिन्यांनी घोडी सरळ रेषेत आणि कठीण जमिनीवर गोल फिरवतानाही दुडकी चालीत लंगडली नाही. पाय उचलून धरला, फेटलॉक वाकवला, सोडून पुन्हा चालवली, तरी नाही. मग सवयीने बोट पुढून मागे सरकवले. हाडाची कड, पहिला खळगा रिकामा, सस्पेन्सरीची टणक दोरी, आणि तिच्या मागच्या दुसऱ्या खळग्यात अजून थोडा मऊ भरीवपणा. दाबला की पास्टर्नच्या मागच्या खोळीत सरकणारा, थंड आणि न दुखणारा. दाबत असताना घोडी गवत खात उभी होती.